पंगतीतून हरवलेली डावी बाजू: उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना एक खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विशेषतः भोजन समित्या यांस

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी न्यू जर्सीतील एका मंडळाच्या भोजन समितीत काम करते आहे. संक्रांत, पाडवा, गणपती आणि दिवाळी या चार कार्यक्रमांचा बेत ठरवणे, केटररशी ट्रेच्या हिशेबात घासाघीस करणे, जेवण कमी पडले तर बोलणी खाणे आणि उरले तर ते डब्यांत भरून वाटणे, एवढे माझे अधिकारक्षेत्र. या पत्रात मी ज्या बेतांवर टीका करणार आहे त्यांतले चाळीसएक बेत माझ्याच हाताने लिहिले गेले आहेत, हे आधीच सांगून टाकते.

पत्राचा विषय आहे लग्नानंतर किंवा नवऱ्याच्या नोकरीनिमित्त या देशात आलेल्या आपल्या स्त्रियांचे रोजचे खाणे. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, फार तर डॉक्टरचा आहे, मंडळाचा त्यात काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. मलाही तसेच वाटत असे. परंतु नव्याने आलेल्या मुलीला स्वतःच्या हातचे नसलेले पहिले मराठी जेवण बहुधा आपल्याच पंगतीत मिळते. अमेरिकेतल्या मराठी घरात कसे जेवतात याचा नमुना म्हणून ती ज्या ताटलीकडे पाहते ती ताटली आपण भरलेली असते. तिला वडीलधाऱ्या बायका भेटतात त्याही मंडळातच. हा संबंध आपण मानायचा ठरवला तर काय करता येईल, हे पुढे लिहिते आहे.

जानेवारी २००४ मध्ये मी साताऱ्याहून एडिसनला आले. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या पत्नीला मिळतो तो एच-फोर व्हिसा माझ्या पासपोर्टवर होता आणि त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. काही जणींना ती मुभा मिळाली ती २०१५ च्या मे महिन्यापासून. ओक ट्री रोडवरची भारतीय दुकाने आमच्या घरापासून चार मैलांवर होती. साताऱ्यात एवढे अंतर मी दिवसातून सहज चालत असे, कारण मंडई, देऊळ, बस थांबा आणि मावशीचे घर मिळून तेवढे होतच असे. इथे रस्त्याला पदपथ नव्हता, बर्फ साचलेला होता, गाडी चालवता येत नव्हती आणि नवऱ्याला सवड मिळे ती शनिवारी संध्याकाळी. दुकानात आठवड्यातून एकदाच जायचे म्हटले की माणूस टिकणाऱ्या वस्तू घेतो. बटाटे, कांदे, तांदूळ, गोठवलेले पराठे, बिस्किटे, फरसाण. हौसेने आणलेली मेथीची जुडी सोमवारी करायची राहिली तर बुधवारी पिवळी पडलेली असे. गुरुवारपासून आमच्याकडे भाजी म्हणजे बटाटा. पहिल्या वर्षात माझे वजन १८ पौंडांनी वाढले आणि भेटणारा प्रत्येक जण कौतुकाने म्हणाला, ‘मानवली हो तुला अमेरिका!’

मला स्वयंपाक येत होता. मटकीला मोड आणता येत होते, भाकरी थापता येत होती, पातळ भाजीला डाळ-दाणे किती घालायचे हे हाताला ठाऊक होते. फक्त साताऱ्यात काय खायचे हे मी एकटीने कधी ठरवलेच नव्हते. भाजीवालीने दारात काय आणले, सासूबाईंनी रात्री काय भिजत घातले, शेजारच्या काकूंनी वाटीतून काय पाठवले, उद्या एकादशी आहे की अमावास्या, या सगळ्यांनी मिळून तो निर्णय होत असे. सहा माणसांच्या घरात उसळ करणे सोपे असते. दोघांसाठी वाटीभर मटकी भिजवायची, तिला मोड येण्याची वाट पाहायची आणि मग दुपारी ती एकटीने खायची, यातला उत्साह महिनाभरात संपतो. दुपारचे जेवण हळूहळू चहा-पोळीवर आणि मग चहा-बिस्किटांवर येते. नवरा रात्री उशिरा आला की खरे जेवण तेव्हा, आणि तेही भरपूर.

म्हणूनच ‘स्त्रियांना सकस आहाराचे शिक्षण द्यावे’ हे वाक्य कोणी सभेत म्हटले की मला अवघडल्यासारखे होते. शिक्षण तिला आहे. तिच्याभोवतीची भाजीवाली, सासू, शेजारीण आणि मंडईपर्यंतची वाट नाहीशी झाली आहे. गाडी चालवण्याचा परवाना हा मी तरी पोषणाचाच प्रश्न मानते. ज्या मंडळांत नव्या मुलींना गाडी शिकवायला कोणी काकू पुढे येतात, त्या मंडळांनी आहारावरची निम्मी व्याख्याने वाचवली आहेत असे समजावे.

२००६ मध्ये मला दिवस गेले. इथल्या रिवाजाप्रमाणे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ५० ग्रॅम ग्लुकोजचे ते नारिंगी पाणी पाजून रक्त तपासले, मग तीन तासांची मोठी चाचणी झाली आणि गर्भारपणातला मधुमेह निघाला. आहारतज्ज्ञ बाई अतिशय प्रेमळ होत्या. त्यांनी दिलेल्या छापील कागदावर टर्की, चीझच्या कांड्या, होल व्हीट टोस्ट आणि कॉटेज चीझ होते. मी विचारले, भाकरी किती खाऊ? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, टॉर्टिया समजून मोजा. सहा इंची टॉर्टियात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात हे खरे. पण आमच्या घरची भाकरी ताटाएवढी. शिजवलेला भात पाव वाटीहून थोडा जास्त घेतला तरी तेवढेच १५ ग्रॅम होतात, अर्धा कप शिजलेल्या डाळीत किंवा कडधान्यातही जवळपास तेवढेच, पण त्यांच्याबरोबर प्रथिने आणि चोथा येतो म्हणून साखर तशी उसळत नाही, हे समजायला मला तीन आठवडे लागले. पुढे मंडळात ओळखी वाढल्यावर कळले की गणपतीच्या जेवणाच्या एकाच रांगेत उभ्या असलेल्या सहा जणींच्या घरी तसाच कागद खणात पडला होता. कोणीच कोणाला सांगितले नव्हते. हा मधुमेह बाळंतपणानंतर जातो, पण पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढवून जातो. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. बाळाच्या लसींची तारीख कोणी चुकवत नाही. आईची ही तारीख मात्र हमखास चुकते. माझीही चुकली होती.

आपल्या शरीराचे हे जे गणित आहे ते समजावून सांगण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, आणि इथल्या फार थोड्या मराठी घरांना ते ठाऊक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ही बाळे वजनाने बरीच हलकी होती, परंतु त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. ‘बारीक तरीही मेदस्वी’ असे हे बाळ. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३, दिसायला दोघेही सडपातळ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांना खोटा दिलासा देतो, हे इतक्या थोड्या जागेत दुसऱ्या कोणी दाखवलेले मला माहीत नाही.

अमेरिकेत याचे पुढचे पान शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरात लिहिले गेले. तेथे २०१० मध्ये दक्षिण आशियाई प्रौढांच्या हृदयविकाराचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात नऊशेहून अधिक लोक आहेत. वयाचा फरक लक्षात घेऊन केलेल्या तुलनेत या लोकांत मधुमेहाचे प्रमाण २३ टक्के आढळले, गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होते. २०१५ पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची मर्यादा बीएमआय २५ वरून २३ वर आणली. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ असा, की इतरांना १३७ पौंडांवर वाजणारी घंटा तिच्यासाठी १२६ पौंडांवरच वाजायला हवी. कमरेचेही तसेच. अमेरिकेत स्त्रियांसाठी सर्वसाधारणपणे ३५ इंच ही धोक्याची रेषा सांगितली जाते. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ती ८० सेंटिमीटरवर, म्हणजे साडेएकतीस इंचांवर ओढली आहे. फॅमिली डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे नाही, आणि ‘युवर वेट इज फाइन’ ऐकून आनंदाने घरी आलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या लुटतो. एका वर्षी कापडी टेप लुटावी, असे मी समितीत सुचवले होते. हशा पिकला आणि विषय संपला. मी ते पुन्हा सुचवते आहे.

आता दुकानाविषयी, कारण माझ्या मते खरे काम तेथे आहे. मंडळाने दर दोन महिन्यांनी एका शनिवारी दुकानफेरी काढावी. दोन अनुभवी बायका, पाच-सहा नव्या मुली, शक्य असल्यास त्यांचे नवरेही; आधी अमेरिकन दुकान, मग मेक्सिकन, शेवटी भारतीय. हा क्रम मी मुद्दाम उलटा सांगते आहे, कारण आपण भारतीय दुकानात शिरलो की फरसाणाच्या मांडणीपुढे थांबतो आणि पैसेही तेथेच संपतात.

अमेरिकन दुकानातला पहिला धडा ‘व्हीट’ या शब्दाचा. आपल्याकडे गव्हाचे पीठ म्हणजे कणीक आणि पांढरे पीठ म्हणजे मैदा. इथे पाकिटावर नुसते ‘व्हीट फ्लोअर’ लिहिले असेल तर तो मैदाच असतो. ‘होल व्हीट’ असे लिहिले असेल तरच आपली कणीक. गव्हाची पोळी समजून वर्षभर मैद्याचे रॅप नवऱ्याच्या डब्यात देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ‘मल्टिग्रेन’ शब्दाचीही तीच गत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तेव्हा पहिले नाव काय आहे ते वाचले की निम्मे काम होते; गोठवलेल्या पराठ्याच्या पाकिटावरही हीच युक्ती चालते आणि बऱ्याचदा मन खट्टू करते. २०२० पासून मोठ्या कंपन्यांना वरून घातलेली साखर वेगळ्या ओळीत दाखवावी लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशन स्त्रियांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा जास्त अशी साखर नको म्हणते. फळांच्या स्वादाचे दही, ग्रॅनोलाची वडी आणि बाटलीतली कॉफी या तीन ‘हेल्दी’ वस्तूंच्या त्या ओळींची बेरीज दुकानात उभ्या उभ्या करून दाखवावी. बटरमिल्क म्हणजे आपले ताक नव्हे, ते दाट असते आणि पुष्कळदा खारवलेलेही. साध्या दह्यात पाणी घालून घुसळले की काम भागते, हेही कोणीतरी सांगावे लागते.

भाजीच्या विभागात नवी मुलगी गोंधळते, कारण मेथी, चाकवत, अंबाडी दिसत नाही आणि केल, चार्ड, कॉलर्ड यांची ओळख नाही. कॉलर्डची पाने बारीक चिरून हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून केली तर मुळ्याच्या पाल्याची आठवण होते. चार्डची पातळ भाजी ताक लावून उत्तम होते. शेपूच्या जुड्या इथे माशांसाठी आणि काकडीच्या लोणच्यासाठी विकतात. इराणी किंवा रशियन दुकानात त्या भरघोस मिळतात. बीटाचा पाला पुष्कळ लोक कापून टाकतात, तो आपण घ्यावा. मेक्सिकन दुकानात ‘वेर्दोलागास’ या नावाने ठेवलेली जुडी उचलून पाहिली तर ती आपली घोळ असते. तीच घोळ जूनमध्ये आपल्या ड्राइव्हवेच्या भेगांतून उगवते आणि आपले शेजारी तिच्यावर तणनाशक फवारतात. चवळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचे आवडते कडधान्य असल्याने ती कोणत्याही दुकानात मिळते. गोठवलेला पालक, मटार आणि फरसबी यांना कमी लेखू नये. हिवाळ्यात शनिवार ते शनिवार पुरणारी भाजी तीच आहे, आणि ती मला २००४ मध्ये कोणी दाखवली असती तर बरेच बटाटे वाचले असते.

भारतीय दुकानात ज्वारी, बाजरी, नाचणीची पिठे आता सर्रास मिळतात, पण कोपऱ्यात आणि जुनी. पिशवीवरची तारीख पाहून घ्यावी. जुन्या बाजरीचे पीठ कडू होते आणि एकदा कडू भाकरी झाली की ती मुलगी पुन्हा त्या वाटेला जात नाही. ज्वारीविषयी एक गोष्ट जाता जाता सांगते. हे धान्य पिकवण्यात अमेरिका जगात आघाडीवर आहे आणि त्यात कॅन्सस राज्याचा पहिला क्रमांक. त्यातली बहुतेक ज्वारी जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये आणि निर्यातीत जाते. कॅनडातल्या मंडळांना तर सांगायलाच नको की सस्काचेवानची मसूर भारतातल्या घरांत शिजते. म्हणजे आपले अन्न या भूमीला परके नाही. त्याला भाकरीची आणि आमटीची ओळख तेवढी करून द्यायची आहे.

या फेरीत बी-१२ जीवनसत्त्वाचाही विषय निघावा. शाकाहारी मराठी घरांत त्याची कमतरता फार आढळते, आणि तिच्या परिणामांवर पुण्यातच पुष्कळ काम झाले आहे. इथे १९९८ पासून मैदा, पाव आणि तत्सम पदार्थांत फॉलिक आम्ल मिसळणे बंधनकारक आहे. बी-१२ मात्र तसे मिसळले जात नाही. शरीरात फॉलिक आम्ल भरपूर आणि बी-१२ अपुरे असले तर रक्ताच्या साध्या तपासणीत कमतरता झाकली जाऊ शकते आणि हातापायांच्या मुंग्या ‘थंडीमुळे’ म्हणून दुर्लक्षिल्या जातात. त्यातच हल्ली गाईचे दूध सोडून बदामाचे दूध घेण्याची पद्धत आली आहे. ज्यांना ते घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे, पण त्यात बी-१२ मिसळले आहे का ते डब्यावर वाचून. रक्ततपासणीत हे नाव मुद्दाम मागावे, इतके तरी प्रत्येक नव्या मुलीच्या कानावर घालायला आपण डॉक्टर असण्याची गरज नाही.

आता आपल्या पंगतीकडे वळते. गेल्या गणपतीचा माझा बेत असा होता: आल्याबरोबर बटाटेवडा, जेवणात पुरी, बटाट्याची सुकी भाजी, पनीरची रस्साभाजी, मसालेभात, पापड, श्रीखंड आणि जिलबी, मुलांसाठी वेगळ्या टेबलावर पिझ्झा, चार वाजता चहाबरोबर सामोसा. एका दिवसात बटाटा तीन रूपांत आणि मैदा चार रूपांत. तीन कप्प्यांच्या कागदी ताटलीत मोठ्या कप्प्यात पुऱ्या आणि भात, उरलेल्या दोहोंत भाजी आणि गोड. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही ताटाची डावी बाजू मांडायला त्या ताटलीत जागाच नाही, आणि वरण नाही म्हणून वाटीही नाही. अमेरिकी शेतकी खात्याने २०११ मध्ये ‘मायप्लेट’ नावाचे चित्र काढून लोकांना सांगितले की ताटलीचा अर्धा भाग भाज्या-फळांचा ठेवा, पाव भाग धान्याचा आणि पाव भाग प्रथिनांचा. आपल्या आज्या त्याच्या बऱ्याच जवळ जाणारे ताट चित्राशिवाय वाढत होत्या. लिंबाची फोड तर नुसत्या चवीची नव्हती. पालेभाजीतले आणि कडधान्यातले लोह अंगी लागायला तिचा आंबटपणा मदत करतो, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याच कामात मोडता घालतो.

‘सणाला तरी मनसोक्त खाऊ द्या’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण मी ते इतरांना दिले आहे. परंतु आपले सण खरोखर काय खायला सांगतात ते पाहू. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी: वांगे, गाजर, घेवडा, हरभरा, तीळ घातलेली मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी: अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचे कणीस, सगळे एका पातेल्यात, तेलाचा थेंबही न लागता. गौरीच्या नैवेद्याला काही घरांत सोळा भाज्या लागतात. सण म्हणजे तळण ही समजूत आपली, म्हणजे भोजन समित्यांची आहे, आणि ती केटररच्या ट्रेमधून आली आहे. पूर्ण ट्रे आणि अर्धा ट्रे या हिशेबात बटाटा स्वस्त पडतो, टिकतो आणि कोणी नावे ठेवत नाही.

तरीही मी केटररला विचारून पाहिले आहे. मटकीच्या उसळीचा ट्रे बटाट्याच्या भाजीपेक्षा फारसा महाग पडत नाही आणि पनीरच्या भाजीपेक्षा बराच स्वस्त पडतो. पालेभाजी मात्र महाग पडते, कारण शिजल्यावर ती आळते. तेव्हा ती डाळीत घालून पातळ करावी म्हणजे पुरवठ्याला येते. चारशे भाकऱ्या कोणीही करून देणार नाही आणि त्या आपल्याच बायकांनी घरून कराव्यात असे मी मुळीच सुचवणार नाही, नाहीतर आरोग्याच्या नावाने त्यांचेच मनगट मोडायचे. ज्वारीच्या कण्या, बाजरीची खिचडी, वरईचा भात हे मोठ्या पातेल्यात होणारे पदार्थ आहेत. काकडीची खमंग कोशिंबीर दाण्याचे कूट वेगळे ठेवून आयत्या वेळी कालवली तर पाणी सुटत नाही. ज्यांना दाण्याची ॲलर्जी आहे अशा मुलांचीही त्यामुळे सोय होते. श्रीखंड ठेवावे. जिलबी दिवाळीला ठेवावी. दोन्ही एका दिवशी का, याचे उत्तर अकरा वर्षांत मला सापडलेले नाही. मुलांचे पिझ्झाचे टेबल बंद करण्याची हिंमत माझ्यात नाही, पण ते उसळीच्या शेजारी मांडता येईल.

बाळंतिणीच्या डब्याची कल्पना काही मंडळांतील मैत्रिणी आपसांत राबवतात. ती मंडळाने अंगावर घ्यावी. आईला व्हिसा मिळाला तर मुलीला डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळे मिळते. नाही मिळाला तर घरी आल्या दिवसापासून ती आणि नवरा दुकानचे खातात. सहा आठवडे, दिवसाआड एक डबा, म्हणजे २१ डबे. दोनशे कुटुंबांच्या मंडळात एवढे होणे अशक्य नाही. त्या डब्यात मुगाची खिचडी, पालेभाजी आणि ताक असले तरी पुरे. डबा घेऊन जाणारी बाई जाताना ७५ ग्रॅमच्या चाचणीची तारीखही विचारून येईल.

आणखी दोन प्रकारची माणसे आपल्या नजरेतून सुटतात. एक, साठीनंतर मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या आया. त्यांना इथले सगळे बाळसेदार वाटते, पण स्वतःसाठी वेगळे काही मागायचा संकोच असतो. अन्न टाकायचे जिवावर येते म्हणून नातवाच्या ताटलीतला अर्धा पिझ्झा त्या संपवतात आणि रात्री फक्त दूध-पोहे घेतात. कार्यक्रमांत त्यांना आपण खुर्चीवर बसवून नमस्कार करतो. दुकानफेरीत त्यांना पुढे घालावे, कारण घोळ आणि माठ त्याच ओळखतील. दुसरी माणसे म्हणजे पुरुष. शनिवारचे दुकान तेच करतात, गाडीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, आणि दोनदाच जेवा असे सांगणारे व दर दोन तासांनी खा असे सांगणारे दोन्ही संदेश व्हॉट्सॲपवर तेच पाठवतात. मटकी निवडायला, भिजवायला आणि कुकरमध्ये लावायला स्त्रीच असावी लागते असे शास्त्र मला कोठे आढळलेले नाही.

अधिवेशनांत आपल्या समाजातील नामवंत डॉक्टरांची व्याख्याने होतात, ती चांगली असतात, पण ती दुपारच्या जेवणानंतर तीन वाजता ठेवलेली असतात आणि श्रोत्यांच्या पोटात तेव्हा पुरी-श्रीखंड असते. ती सकाळी ठेवावीत, आणि त्याच सभागृहाच्या दाराशी रक्तदाब, कंबर आणि साखर मोजायची सोय करावी.

आमच्या समितीची गणपतीच्या बेताची बैठक जुलैच्या दुसऱ्या रविवारी आहे. या वर्षी मी बेताच्या यादीत बटाट्याच्या भाजीच्या जागी ऋषीची भाजी लिहून नेणार आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात न्यू जर्सीत कणसे, भोपळे, भेंडी आणि फरसबी शेतावर जाऊन घेता येतात. या राज्याच्या गाड्यांच्या पाट्यांवर ‘गार्डन स्टेट’ असे उगीच लिहिलेले नाही. अळू माझ्या परसातल्या कुंड्यांत आहे, लाल माठ दोन वाफ्यांत आला आहे, आणि घोळ तर न लावताच आली आहे. चारशे माणसांना हे पुरणार नाही. साठ-सत्तर वाट्या नक्की होतील. त्या मी रांगेच्या सुरुवातीला ठेवणार आहे, आणि मंडळात या वर्षी पहिल्यांदा आलेल्या मुलींची नावे सचिवांकडून आधीच मागून घेतली आहेत.

आपल्या मंडळाचा बेत काय ठरतो ते कळवावे. लोभ असावा.

आपली,
भोजन समितीतील एक जुनी सभासद
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी